धाकटीचं पोलंड

खरं सांगते, माझ्या धाकट्या जाऊबाईचा मला फार हेवा वाटायचा. दिरांना कंपनीनं पोलंडला पाठवलं आणि ही दोन वर्षं तिथल्या एका लहानशा गिरणीगावात राहून आली. मी शनिवार पेठेत सासूबाईंची पथ्यं सांभाळत बसले. परत आली ती गावाचा इतिहास घेऊनच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या हिला ऐकायला. लाल विटांच्या चाळी, कामगारांच्या पोरांसाठी मालकानं बांधलेली शाळा, जवसाच्या धाग्याचं कापड विणणारी गिरणी. ती बंद पडली तरी लोकांनी पाडली नाही, विणकरांच्या वस्तू काचेत जपून ठेवल्या म्हणे. आंब्याची डाळ मी वाटलेली, वाहवा हिची.

जळण्याचं आणखी एक कारण घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझे वडील इथल्याच, स्टेशनाकडच्या कापडगिरणीत विणकर होते. लग्न ठरवताना मामा 'गिरणीत नोकरीला' एवढंच बोलले. सासरच्यांनी ते कारकून असणार असं धरून चाललं, मीही कधी दुरुस्त केलं नाही. माझे विणकर मी लपवायचे आणि हिनं परक्यांचे मिरवायचे.

एका वर्षी तिनं तिकडच्या शेजारणीनं दिलेला, मागावर आडवं सूत फिरवायचा धोटा दाखवला. लाकडी, होडीसारखा. आत सुताची कांडी, आणि सूत बाहेर काढायला बाजूला बारीकसं भोक.

"सुईनं ओवत असतील," ती म्हणाली.

"सुई कसली. चालू मागावर तेवढा वेळ असतो होय?" मी धोटा घेतला, भोकाला तोंड लावलं आणि एका श्वासात सूत ओढून काढलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

पुस्तकात वाचलं म्हणणार होते. पण धाकटीला हे येत नव्हतं, ते सुख सोडवेना.

"वडिलांनी. विणकर होते ते. दिवसभर असंच करायचे, सुताची कसर छातीत जाऊन शेवटी खोकल्यानं गेले."

सासूबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे कारकून नव्हते?"

"नाही."

"तरीच त्यांच्या पत्रातलं अक्षर तसलं होतं," म्हणाल्या आणि आणखी डाळ मागितली.

मला वाटलं, जिंकले. पुढच्या चैत्रात धाकटीच्या गोष्टीत पोलंडच्या गिरणीपाठोपाठ माझे वडील आले. "आमच्या वहिनींचे वडील," म्हणून तिनं ते असं काही सांगितलं की दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. मी सांगितलं होतं तेव्हा एकीनंही लावला नव्हता.