निळा कोणता

बोटभर काचेची नळी ते खिडकीकडे धरायचे, पण पाहायचे मात्र नाहीत. मान वळवून, शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणायचे, "बोल, कोणता शे?"

म्हणजे, रंग कोणता आहे? नळीत माशांच्या टाकीचं पाणी असे, त्यात तपासणीचे थेंब, आणि हातात रंगांची पट्टी. पाण्यात औषधाचं तांबं जितकं जास्त, तितका निळा गडद. शहाद्याहून लोणखेड्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. समुद्र इथून कितीतरी लांब, पण तापीकाठच्या केळीवाल्यांच्या बंगल्यांत खाऱ्या पाण्याचे मासे पोहत होते, ते त्यांच्यामुळे. कॉलेज सुटल्यावर मी दुकानात काम करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. ते मला 'इंग्लिश मीडियम' म्हणत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या तोंडून गोड शब्द फक्त मुक्या जिवासाठी निघतो. एक बाई मेलेला मासा पिशवीत घेऊन आल्या आणि रडू लागल्या. काका म्हणाले, "मासा मरना नही, ताई. तुम्ही त्याले मारं." मग त्यांना नवीन मासा विकला.

सगळ्यात जास्त ऐकावं लागे ते काकूंना. त्या मागच्या घरातून पाण्याच्या बादल्या आणत, टाक्यांच्या काचा पुसत. त्या काही बोलायला लागल्या की काका म्हणायचे, "तुले कोणी इचारं?" एकदा गिऱ्हाइकासमोरही म्हणाले, "हाई मन्हा दुकाननी मुकी मशीन शे." गिऱ्हाईक हसलं. मीही हसल्यासारखा चेहरा केला.

काकांना निळं आणि हिरवं वेगळं दिसत नाही, हे मला हळूहळू कळलं. हिरवी जाळी मागायचे आणि निळी दिली तरी घ्यायचे. मोतीबिंदू असावा. पण डॉक्टरकडे जाणं म्हणजे कबूल करणं. म्हणून 'बोल, कोणता शे', आणि उत्तर आवडलं नाही तर, "तुन्हा डोया फुटी गयात का?"

त्यांचा एक मासा होता. निळ्या अंगावर पिवळे पट्टे, मोठा एंजल, सुरतहून मांडीवर पिशवी धरून आणलेला. तो विकायचा नव्हता. त्याला ते राजा म्हणत. पाण्यात बोट बुडवलं की तो बोटाशी येई, आणि काकांचा चेहरा ओळखू येणार नाही इतका मऊ होई.

उन्हाळ्यात राजाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. त्याला आजारी माशांच्या वेगळ्या, दवाखान्याच्या टाकीत ठेवलं. ती टाकी उघडीबोडकी असते. वाळू नाही, दगड नाही, कारण ते औषध शोषून घेतात. लपायला फक्त पाइपाचा तुकडा. औषध म्हणजे तांबंच. कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. काका सिरिंजने थेंब थेंब सोडत, आणि मी रंग सांगे. राजा पुन्हा खायला लागला होता.

एके दिवशी पाणी बदलायचं होतं. वीज नव्हती, त्यामुळे फिल्टरचं मशीन बंद. काकूंनी घरातल्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी आणलं. माहेरचा हंडा, चिंचेने घासून लखलखीत केलेला, रात्रभर भरून ठेवलेला. त्यांच्या मते घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच. काका रोज सकाळी तेच पीत. त्यात मीठ कालवून त्यांनी टाकीत ओतलं.

मी नळी पाहिली. "काका, गडद आहे. औषध नको."

"नवं पाणी पडनं ना? मंग औषध बी पडी. इंग्लिश मीडियमनी माले शिकाडू नये."

"खरंच गडद आहे, काका."

"डोया तपासी घे."

काकू फडकं हातात धरून दारात उभ्या होत्या. काकांनी नळीकडे न पाहता सिरिंज रिकामी केली.

सकाळी राजा पाइपाशेजारी आडवा पडला होता.

"पाणी कथाईन लयनी व्हती?" काकांनी काकूंना विचारलं.

"हंडामाईन. मशीन बंद व्हतं."

ते ओरडले नाहीत. हंडा आणून त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवला. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला, काकू समोर असताना, सांगू लागले, "हाऊ हंडा देखा? हिना माहेरना. ह्याना पाणीमा मन्हा राजा मरी गया." मी दुकान सोडलं तेव्हाही हंडा तिथेच होता. काकू तो रोज पुसत.

काका गेल्याला आता काही महिने झाले. त्याआधी त्यांना लकवा झाला होता, एक बाजू आणि वाचा गेली होती, तेव्हा मी भेटायला गेले. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. हंडा घरात परत आला होता. काकूंनी तळहातावर दोन गोळ्या घेतल्या, एक निळी, एक हिरवी, आणि काकांच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"बोला, निळी कोणती शे?"

बायका हसल्या. हा रोजचाच खेळ असावा. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिनाकडे नका देखू," काकू म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने त्यांचं चालतं बोट एका गोळीवर टेकलं. ती निळीच होती.

"चुकनात," काकू म्हणाल्या. मग तीच गोळी त्यांच्या तोंडात घातली आणि वरून हंड्यातलं पाणी पाजलं.