शांतवनची आरोळी

१९९४ साली कोल्हापुरातल्या एका चर्चच्या चाळीस गायकांनी बायबलातली यरीहो नगराच्या वेढ्याची कथा गाऊन कॅसेटवर घेतली. तट पाडणारी आरोळी ठोकण्याआधी सगळ्यांनी गप्प राहायचं होतं. मार्थाबाईंचे यजमान शांतवन तेवढे आधीच ओरडले.

"एवढा बी दम निघंना व्हय तुम्हास्नी?" म्हणत मार्थाबाईंनी त्यांना ते असेपर्यंत टोमणे मारले.

ते गेल्यावर मात्र, चाळिसांत त्यांचा म्हणून ओळखू येणारा तेवढाच आवाज उरला. रोज संध्याकाळी त्या तीच जागा लावत आणि पुन्हा भांडत.

२००५ साली भाची प्रीती सीडी करून घेऊन आली. "मावशी, कॅसेट पार घासलीती, दिली टाकून. काकांची चूकबी काढून टाकलीया बघ!"

मार्थाबाईंनी सीडी लावली. आरोळीआधी आता सगळे गप्प होते. शांतवनसुद्धा.