उसातलं भूत आणि माझा मोबाईल

एका दिग्दर्शकाचं मला आणि माझ्या मैत्रिणीला इतकं वेड, की त्याच्या सिनेमावर कोणी नाक मुरडलं तर त्या माणसाशी आम्ही आठवडाभर धड बोलायचो नाही. मैत्रीण नारायणगावच्या पेठेतल्या कापड दुकानाची मालकीण. तिच्या सासरचे वाडवडील राजस्थानातून आलेले, पण भांडायची ती अस्सल आमच्याकडच्या मराठीत. मी खोडदला ब्लाउज शिवते, तिच्या दुकानातल्या साड्यांचं फॉल-पिको करते. वीसेक वर्षांपूर्वी साड्यांचा गठ्ठा माझ्या हातात देताना तिनं विचारलं होतं, "तो नवा सिनेमा पाहिलास का?" तिथून आमचं जमलं. त्याच्या सिनेमातली माणसं खरोखर जेवायची, भांडी घासायची, चिडून बोलायची आणि मग एकमेकांसाठी चहा टाकायची. एकेका सिनेमावर आमच्या महिना-महिना गप्पा चालत.

यंदा त्यानं भुताचा सिनेमा काढला आणि नेमकं त्याच सुमाराला मैत्रिणीचं कायमचं पुण्याला, मुलाकडे जायचं ठरलं. दुकान पुतण्या बघणार होता. म्हणजे शेजारी शेजारी बसून पाहायचा हा आमचा शेवटचा सिनेमा. नारायणगावात दुपारचा खेळ, नंतर खोडदला माझ्याकडे जेवण, आणि तेही वेळेवर, कारण ती जैन, सूर्य बुडायच्या आत जेवते. बिनलसणाची शेंगदाण्याची आमटी मी सकाळीच करून ठेवली होती. तो दिवस मला अगदी चोख हवा होता. सिनेमाची काळजी मी केलीच नाही, तो चांगला असणारच होता.

सिनेमा सुरू झाला. भलामोठा बंगला, करकरणारी दारं, पांढऱ्या कपड्यांत जिना चढणारी-उतरणारी हिरॉईन. तास उलटला तरी घरात कोणी जेवेना. मला आधी झोप आली, मग राग आला. अरे बाबा, तुला काय झालं, असं त्या दिग्दर्शकाला गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं.

मध्यंतरात मैत्रिणीकडे बघायची हिंमत होईना. "जरा संथ आहे, पण छान आहे ना?" मी म्हणाले.

"छानच," ती म्हणाली आणि तिनं पॉपकॉर्नच्या पुडीत डोकं घातलं.

वीस वर्षांत आम्ही या विषयावर पहिल्यांदाच खोटं बोललो. ती जाताना हे खोटंच सोबत घेऊन जाणार, या विचारानं मला रडू यायला लागलं.

मध्यंतरानंतर हिरॉईन तिन्हीसांजेला उसात शिरली. एकटी. हातात काठी नाही, बॅटरी नाही. आत्ता कुठे थिएटर जागं झालं. आमच्याकडे उसात भूत नसतं, बिबट्या असतो. उसाच्या कडेनं जाताना आम्ही मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावतो, म्हणजे त्याला माणसाची चाहूल लागते आणि तो आपल्या वाटेनं निघून जातो. पडद्यावर दोन डोळे चमकले, तशा मागच्या रांगेतल्या एक आजी वैतागून म्हणाल्या, "बिबट्याच हाय त्यो. आगं, गाणं लाव की!"

आजी पडद्यावरच्या बाईला म्हणत होत्या. पण माझा हात सवयीनं पिशवीत गेला, आणि भर थिएटरात माझ्या मोबाईलवर वरातीतलं बँडचं गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं. घाबरून मला ते बंदही करता येईना. नेमके त्याच वेळी पडद्यावरचे डोळे विझले.

"ग्येला! ग्येला!" कोणीतरी ओरडलं. मग काय, शिट्ट्या आणि टाळ्या.

मैत्रिणीनं पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसू आवरेना. "फालतू आहे गं," ती डोळे पुसत म्हणाली, "पहिल्यापासून फालतू आहे! तुझं मन मोडेल म्हणून गप्प बसले होते."

"एक माणूस जेवला नाही त्यात," मी म्हणाले, आणि मला एकदम हलकं हलकं वाटलं.

एसटीतून फाट्यावर उतरलं की घरापर्यंत अर्धा तास उसातून चालावं लागतं. त्या दिवशी गाणं लावायचं राहूनच गेलं. आम्ही त्या सिनेमाची अशी चिरफाड करत चाललो होतो, की बिबट्या पार तिकडे आणे गावच्या पठारापर्यंत पळाला असेल. घरी पोचल्यावर तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि आमटी दोनदा मागून घेतली.

ती गेल्यापासून मी नारायणगावला ब्लाउज देऊन येते तेव्हा फाट्यावर एकटीच उतरते. उतरले की तिला मिस्ड कॉल देते, लगेच तिचा फोन येतो. मी स्पीकर लावते, आवाज पूर्ण वाढवते, आणि ती पुण्याहून पुन्हा त्याच सिनेमाला शिव्या घालायला लागते. ऊस संपला की विचारते, "आलं का घर?" आलं म्हटल्यावरच ती ताटावर बसते. थंडीत सूर्य लवकर बुडतो. तेव्हा मी झपझप चालते, तिला उपाशी राहावं लागू नये म्हणून.