पडद्याआडची ठमाबाई

ठमाबाई माझ्या आईची थोरली मावशी. माहेर म्हसळ्याकडच्या भातशेतीच्या गावातलं, सासर समुद्रकाठी, काशीद आणि मुरुडच्या मधल्या एका वाडीत. नवरा गलबतावर खलाशी होता. एका वर्षी गलबत परत आलं, तो आला नाही. मूलबाळ नव्हतं. दिराने तिला घरात ठेवून घेतलं खरं, पण ती जेवायला बसली की जाऊ तिच्या ताटाकडे बघत राहायची. ती नजर ठमाबाईला सोसवेना.

एकोणीसशे पंचवीसच्या आसपास एका व्यापाऱ्याने गावाबाहेर, उंडीच्या झाडांखाली धर्मादाय दवाखाना बांधून दिला. मुंबईहून डॉक्टर भाटे आले. बायकांकडे बघायला आया हवी होती आणि कुणी पुढे येत नव्हतं. कुणाचंही अंग पुसायचं, कुणाचीही घाण काढायची, जातपात बघायची नाही, असं ते काम. ठमाबाई गेली. त्याच दिवशी जावेने तिची चूल पडवीत मांडून दिली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटी. बायकांच्या खोलीत मधोमध जाडाभरडा पडदा लावलेला असे. डॉक्टर पलीकडे बसत, बाई अलीकडे. नाडी बघायची तर बाई पडद्याखालून हात काढी. बाकी सगळं ठमाबाईच्या तोंडून.

"दुखतं कुठे, विचार तिला," डॉक्टर म्हणत.

बाई ठमाबाईच्या कानात सांगे. तिने ते मोठ्याने सांगितलं की बाई लाजेने पदर तोंडावर ओढून घेई. पुढच्या खेपेला तीच बाई खरं सांगायची नाही. मग औषध लागू पडायचं नाही आणि दोष ठमाबाईला मिळायचा, की तिने नीट विचारलं नाही. शिवाय पट्ट्या उकळायच्या, फरशी पुसायची. जंतू मारायच्या कार्बॉलिकच्या पाण्याने तिच्या हातांची सालं निघत. गावच्या विहिरीवर बायका तिला बाजूला उभं करत. सगळ्यांचे हंडे भरल्यावर तिची पाळी.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी नीराबाई नावाच्या पोरगेल्या बाळंतिणीला डोलीत घालून आणलं. सुईणीने हात टेकले होते. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. सोबत नीराबाईची सासू वेणूबाई होती. डॉक्टर पडद्याकडे वळले, तशी ती पडद्यापुढे आडवी उभी राहिली.

"परक्या पुरुषाचा हात लागायचा न्हाय. मेली तर आमची मेली."

डॉक्टरांनी तिला समजावलं, दटावलंही. ती हलली नाही. नीराबाई आतून ओरडत होती. शेवटी डॉक्टर पडद्याशी आले आणि म्हणाले, "ठमाबाई, हात स्वच्छ धू. मी सांगतो तसं कर."

"डाक्तरसाहेब, मला न्हाय येत ते."

"मला तरी दुसरं काय करता येतंय? धू हात."

ठमाबाईने हात धुतले. पलीकडून डॉक्टर सांगत होते की हात हळूच आत सार, मुलाचे पाय शोध, पाय सापडले की खाली ओढ. तिच्या हाताला काय लागतंय ते तिला कळत नव्हतं. गुडघा की कोपर, तेही उमजेना. डॉक्टर विचारत होते, "सापडला पाय?" आणि ती म्हणत होती, "ठाव न्हाय, ठाव न्हाय." किती वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर मूल बाहेर आलं ते निळं पडलेलं. मुलगा होता. नीराबाई वाचली, पण तापाने फणफणली आणि पुढे बरेच दिवस तिला उठून बसता येईना. तिला परत मूल झालं नाही.

गावात बोभाटा झाला. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या पंचांनी डॉक्टरांना बोलावून जाब विचारला. ठमाबाई बाहेर ओटीवर बसली होती. दार उघडंच होतं. डॉक्टर म्हणाले, "आयेने घाई केली. मी सांगेपर्यंत थांबली नाही."

तिला सगळं ऐकू आलं. तिने आत जाऊन काही सांगितलं नाही. कोण ऐकणार होतं?

संध्याकाळी डॉक्टर अंगणात तिच्यापाशी आले. म्हणाले, "दवाखाना बंद पडला असता, ठमाबाई. मी गेलो तर इथे दुसरा कोण येणार आहे?"

"व्हय साहेब," ती म्हणाली आणि पट्ट्या उकळायला गेली.

तिला कामावरून काढलं नाही, हीच मोठी दया, असं सगळे म्हणाले. पण वाटेत गरोदर बाई दिसली की ती हिला पाहून तोंड फिरवायची. एकदा वेणूबाई बाजारात समोर आली आणि चारचौघांत म्हणाली, "माजा नातू हिनं वडून काढला." ठमाबाई खाली मान घालून निघून आली. जेवायला बसली की तिचं आपल्या हातांकडे लक्ष जाई आणि घास खाली उतरत नसे. आई सांगते, त्या वर्षात मावशी निम्मी झाली.

एकोणीसशे बत्तीस साली भर उन्हाळ्यात काशीदहून भागोजी नावाचा शेतकरी आपल्या बायकोला, राहीला, बैलगाडीत घालून घेऊन आला. पहिलटकरीण. कळा येऊन दीड दिवस झाला होता आणि मूल अडकलं होतं. गाडीच्या हिसक्यांनी ती अर्धमेली झाली होती. भागोजीने तिला आतल्या खाटेवर ठेवलं, आणि डॉक्टर उठले तसा तोही वेणूबाईसारखा आडवा आला.

"बाईमाणूस हाय ना तुमच्याकडं? तिला करू द्या. आमच्या भावकीत तोंड दाखवायचंय मला."

डॉक्टर थांबले. कपाळावरचा घाम पुसून पडद्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "ठमाबाई," तिथून म्हणाले, "हात धू."

ठमाबाई जागची हलली नाही.

"हात धू, ऐकलंस ना?"

"न्हाय साहेब. मी हात लावणार न्हाय."

"तुला काम करायचंय की नाही इथे?"

"काढून टाका. पण हात लावणार न्हाय."

मग ती भागोजीकडे वळली. चारचौघांत ती कधी मान वर करून बोलली नव्हती. पण आता सरळ त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "दादा, तुला ठाव हाय मी कोन? नीराबाईचं पोर माज्या हातात मेलं. काशीदपर्यंत आलंच आसंल तुज्या कानावर."

भागोजीने मान डोलावली.

"मग आयक. मला येत नव्हतं. साहेबांना येत व्हतं, पर ते या फडक्याच्या पलीकडं हुबं व्हते. म्या आंधळ्यावानी चाचपडले आन पोर गेलं. तुज्या बायकोला तसंच चाचपडू म्हनतोस?"

डॉक्टरांनी पंचांना सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट ती सांगत होती. पण तिचं बोलणं त्यांनी तोडलं नाही.

भागोजी म्हणाला, "पर लोक काय म्हनतील?" तेवढ्यात खाटेवरून राही बोलली. आवाज इतका बारीक होता की ठमाबाईला वाकावं लागलं.

"येऊ द्या डाक्तरला."

"काय म्हनते?" भागोजीने विचारलं.

एरवी बाईचं बोलणं पलीकडे पोचवायचं हे ठमाबाईचं कामच होतं. या वेळी तिने ते केलं नाही. म्हणाली, "तूच इचार तिला."

भागोजी खाटेजवळ गेला. राहीने त्याचा हात धरला आणि पुन्हा तेच म्हणाली. तो हात सोडवून घेऊन बाहेर निघून गेला. हो म्हणाला नाही, पण आडवाही आला नाही. ठमाबाईने पडदा बाजूला केला.

डॉक्टरांनी डोक्याला लोखंडी चिमटा लावून मूल काढलं. ठमाबाईने राहीचे खांदे धरले होते. मुलगी झाली. कानाजवळ चिमट्याचा वळ होता, पण रडली. आई-मुलगी दोघी जगल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. भागोजी बायकोला घरी घेऊन गेला, पण त्याच्या भावांनी तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. पुढचा पावसाळा राहीने तान्ह्या मुलीसह गोठ्याच्या पडवीत काढला. दिवाळीनंतर कुठे तिला घरात घेतलं. हे कळलं तेव्हा ठमाबाई काशीदला चालत गेली. राही अंगणात भात कांडत होती. ठमाबाई म्हणाली, "माज्यामुळं झालं तुला हे."

राही म्हणाली, "मीच बोलले व्हते, मावशी. तुमी न्हाय." आणि तिने ठमाबाईला बसवून मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं.

डॉक्टर भाट्यांनी ठमाबाईला काढलं नाही. पंचांकडे जाऊन आपलं आधीचं बोलणं त्यांनी खोडलंही नाही. एवढं मात्र झालं, की त्यानंतर कुणी अडलेली बाई आली की ते आधी घरच्यांना विचारत, मी हात लावला तर चालेल का? बहुतेक जण नाही म्हणत आणि बाईला परत घेऊन जात. त्यातल्या काही वाटेतच गेल्या. त्यांच्या डोल्या फाटकातून बाहेर पडताना ठमाबाई ओटीवर उभी राहून बघायची. हो म्हणणारे थोडे होते. तेवढ्यांसाठी पडदा निघे.

पुढे डॉक्टर बदलले, दुसरे आले. संधिवाताने गुडघे धरेपर्यंत ठमाबाई त्या दवाखान्यात काम करत राहिली. शेवटची काही वर्षं ती आमच्या आजीकडे, म्हसळ्याला होती. गावातल्या बायका बाळंतपणाला तिला बोलवायला येत, कारण ती दवाखान्यात होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती जायची, पाणी तापवून द्यायची, बाळंतिणीला धरून बसायची. पण हात लाव म्हटलं की उठून दाराबाहेर जायची.