बंडूभाऊ आणि बिनआरशाचा कॅमेरा

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता जमतात. गिऱ्हाइकांनी न नेलेले अल्बम आणि किस्से! अल्बम मी माळ्यावर टाकतो. किस्से कुठं टाकणार? ते सांगून सांगूनच कमी करावे लागतात. मी सांगितला की किस्सा जरा फुगतो, असं आमच्या घरून म्हणणं आहे. पण मी म्हणतो, फोटो एन्लार्ज केलेला चालतो, मग किस्स्यानं काय घोडं मारलं?

तर आमचं टोळकं चौघांचं. अमरावतीचा मी, अकोल्याचा निलेश आणि दोघांच्या मधात मूर्तिजापूरचे बंडूभाऊ. चौथे रऊफभाई. त्यांचं अमरावतीत कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे, दर मंगळवारी आम्ही तिथं चहाला जमतो. गेली काही वर्षं तिथं एकच भांडण पेटलेलं असतं. मिररलेस कॅमेरा डीएसएलआरला खाणार की नाही?

ज्याला यातलं ओ का ठो कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. डीएसएलआर म्हणजे तो गळ्यात लोंबणारा जाडजूड काळा कॅमेरा. त्याच्या पोटात आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि 'खटॅक' होतं. मिररलेसमध्ये आरसाच नाही. संपला विषय! माझं मत विचाराल तर खाणार. शंभर टक्के खाणार. कंपन्यांनीच नवे डीएसएलआर काढायचं जवळजवळ सोडून दिलं, आता आपण कोणाची वाट पाहायची?

पण बंडूभाऊंपुढे हे बोलायची सोय नव्हती. "माया डीएसएलआर माया संगच रिटायर होईन!" ही त्यांची जाहीर प्रतिज्ञा. अशात होळीच्या सुमारास खंडाऱ्यांच्या घरून फोन आला. मूर्तिजापूरच्या या खंडारे कुटुंबातली सहाच्या सहा लग्नं बंडूभाऊंनी काढलेली. सातवं नातीचं, सायलीचं, मे महिन्यात. पोरगी पुण्याला नोकरीला. तिनं साफ सांगितलं, "बंडूकाका, मिररलेस असेल तरच तुम्ही. नाहीतर मी पुण्याहून फोटोग्राफर आणते."

पुण्याहून! मूर्तिजापुरात! बंडूभाऊंच्या हातातला चहा कपातच थंड झाला. त्यांनी विचार करायला महिनाभराची मुदत मागितली आणि त्या महिन्यात आमच्याकडून दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे गोळा करायला लागले.

•••

पहिला साक्षीदार निलेश, कारण आमच्यात मिररलेस आधी त्यानं घेतला. पहिलंच काम परतवाड्याला. हळदीत दोन तास पठ्ठ्यानं जीव तोडून फोटो काढले. एवढासा कॅमेरा, तळहातात मावणारा. शेवटी नवरदेवाचा मामा जवळ आला, निलेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी पाव्हणे दिसता. हौस पुरी झाली असन तं बाजूले व्हा जरासे. फोटोग्राफर येऊन राहिला."

निलेशनं त्याच संध्याकाळी मला फोन केला आणि माझा जुना, बंद पडलेला, दीड किलोचा डीएसएलआर मागून नेला. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात घालून मांडवात शिरला. मामा धावतच आला, "या साहेब, या! आधी जेवून घ्या!"

तेव्हापासून निलेश दोन कॅमेरे नेतो. एक काढाले, एक जेवाले.

"पाहा!" बंडूभाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले, "मान कोणाले हाये, पाहा!"

•••

दुसरा किस्सा अकोल्याचा, साक्षगंधाचा. पुण्याकडे याला साखरपुडा म्हणतात, पण त्यात साखर कमी असते. मिररलेसमध्ये सोय अशी की कॅमेरा स्वतःच माणसाचा डोळा हुडकून तिथं फोकस धरतो. निलेश त्या भरवशावर निवांत. पण हॉलमध्ये नवरीच्या काकांनी आठ बाय बाराचा फ्लेक्स टांगलेला. काका वार्डातले उगवते पुढारी. फ्लेक्सवर काका स्वतः मोठे, आणि त्यांच्या खाली शुभेच्छुकांची तीन रांगा मुंडकी. साठ-सत्तर डोळे, सगळे कॅमेऱ्याकडे टक लावून!

कॅमेरा बिचारा चक्रावला. त्यानं सरळ काकांचा डोळा धरला. अंगठी घालतानाचा फोटो पाहिला तर पुढं नवरा-नवरी धूसर, मागं काका लखलखीत. मिशीचा केस न केस मोजून घ्या!

निलेशनं घाबरत घाबरत फोटो काकांना दाखवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, "नवरदेवानं हालाले नको पाह्यजे होतं. हाच मोठा करून द्या."

"म्हणजे कॅमेऱ्याले बी समजते, कोणाकडं पाहा लागते ते!" मी म्हणालो. बंडूभाऊ हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढं सायलीचा मांडव आणि त्यातला फ्लेक्स तरळत असावा.

•••

एप्रिलात अकोल्याला ऊन असं पडतं की सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. दुपारचं लग्न, टिनाचं मंगल कार्यालय. ऐन मंगलाष्टकांच्या आधी निलेशच्या कॅमेऱ्यावर लाल खूण आली, 'तापलो आहे', आणि साहेब बंद पडले. निलेशनं दोन पाव्हण्यांना उठवलं आणि कॅमेरा कूलरपुढं खुर्चीवर ठेवला. त्यावर ओला रुमालही घातला. नवरदेव बाजूला घामानं निथळत उभा.

नवरीची आत्या हे सगळं पाहत होती. ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलली, "काहून हो, जावई कोन्ता हाये आमचा? हा उभा हाये तो, का तो झोपला हाये तो?"

हा किस्सा ऐकून बंडूभाऊंना मंगळवारी दोन कप चहा जास्त गेला. "माया कॅमेरा कधी तापला नाही!" हे मात्र खोटं. मागल्या उन्हाळ्यात त्यांच्या डीएसएलआरच्या पाठीवर मी स्वतः पापड ठेवला होता. एक बाजू भाजून निघाली, दुसरी उलटावी म्हणेपर्यंत बंडूभाऊंनी पाहिलं, म्हणून राहिली.

•••

आता रऊफभाईंचं ऐका. त्यांचं पोटच आरशावर. आरसा अडकला, आरसा निखळला, आरशावर बुरशी आली, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याकडे एकदा कोणीतरी पहिल्यांदा मिररलेस आणून दिला, "चाचा, धूळ साफ करून द्या." रऊफभाईंनी लेन्स काढून आत डोकावलं. टॉर्च मारून पाहिलं. चष्मा बदलून पाहिलं. मग मान हलवत म्हणाले, "इसमें तो बिगडने को कुछ हैच नही!"

एखाद्या डॉक्टरनं धडधाकट माणसाकडे पाहावं, तशा दुःखानं!

पण माणूस प्रामाणिक. धंदा त्यांचा जात होता, तरी बंडूभाऊंना त्यांनीच तो कॅमेरा हातात दिला. "भाऊ, झगडा बाद में. एक बार आँख तो लगाओ."

दुकानात अंधार, दिवा एकच आणि तोही टेबलापुरता. बंडूभाऊंनी नाइलाजानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि दचकले. "रऊफभाई, लाइट कवा लावले?" लाइट लावलेच नव्हते. मिररलेसच्या खिडकीत काचेतलं दृश्य दिसत नाही, छोटा टीव्हीच असतो. अंधार असला तरी तो उजळ करून दाखवतो.

बंडूभाऊ पाच मिनिटं डोळा काढेनात. दुकान पाहिलं, निलेशला पाहिलं, मला पाहिलं. रऊफभाईंवर मात्र थांबले.

"रऊफभाई, तुमची दाढी कवा पांढरी झाली?"

रऊफभाई हळूच म्हणाले, "चार साल हो गए, भाऊ."

दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी मिररलेस घेऊन आले. प्रतिज्ञेबद्दल आम्ही विचारलं नाही. चौघांत तेवढी माणुसकी आहे.

•••

आता सायली खूश. बंडूभाऊ लग्नाच्या आठ दिवस आधी नवा कॅमेरा दाखवायला खंडाऱ्यांच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. पण त्या घरात शेवटचा शब्द आबाजींचा. आबाजी म्हणजे सायलीचे आजोबा, वय पंच्याऐंशीच्या पुढे. उभी हयात छोट्या लाइनीच्या रेल्वेत गेली. हातोडीनं चाक ठोकायचं आणि आवाजावरून सांगायचं, चाक धड आहे की तडकलं. आता दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, कान मात्र तसेच.

"वाजवून दाखव," आबाजी म्हणाले.

बंडूभाऊंनी बटण दाबलं. 'चिक्.'

"हे काय? पाल बोलली काय?"

बंडूभाऊंनी आवाज वाढवायची जेवढी सोय कॅमेऱ्यात होती तेवढी वापरली. पाल फक्त जवळ आली.

"मले दिसत नाही, बाप्पा," आबाजी म्हणाले. "तुया कॅमेरा खटॅक वाजला का मले समजते, निघाला फोटो. मंग मी मान सोडतो. हा वाजतच नाही तं मी मान ताठ धरून कवालोक बसू? जुनाच आनजो. नाही तं येऊ दे तो पुन्याचा."

सायली म्हणाली, "आबाजी, जुना चालणार नाही!"

"मले नवा चालनार नाही!"

दोघांचीही तोंडं बंडूभाऊंकडे वळली. सातवं लग्न हातातून चाललं होतं. बंडूभाऊ म्हणाले, "दोनी होईन. तुमी निश्चिंत राहा."

कसं होईन, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. व्हिडिओला मी होतो. लग्नाच्या दिवशी त्यांच्या हातात पाहिलं तर मिररलेसच. जुना कॅमेरा सोबत आणलाच नव्हता. मनात म्हटलं, आटोपलं! एवढ्यात भन्तेजी आले, बुद्धवंदना सुरू झाली. मांडव शांत. बंडूभाऊ मांजरासारखे फिरत फोटो काढत होते, आवाज म्हणून नाही. वंदना झाल्यावर आबाजींनी विचारलंच, "बंडू, आतालोक एकबी फोटो काहून नाही काढला?"

"वंदनेत आवाज कसा करू, आबाजी?"

"हे बाकी बराबर हाये."

मग वधू-वरांवर फुलं पडली, बंडूभाऊंनी कॅमेरा उचलला आणि मांडवात आवाज घुमला, "खटॅक!"

मी चमकून पाहिलं. बंडूभाऊंची जीभ टाळूला होती!

"खटॅक! खटॅक!" आबाजींची मान ताठ, आवाज झाला की सैल. मामांकडचे आले, खटॅक. पुण्याच्या मैत्रिणी आल्या, खटॅक. त्या उड्या मारायला लागल्या तेव्हा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढत होता आणि बंडूभाऊ "खटखटखटखट" करून जेमतेम चारावर पोचत होते. सायलीला कळलं होतं, तिनं पदरात तोंड लपवलं. सकाळचे अकरा ते दुपारचे तीन, मे महिना, पाणी प्यायला फुरसत नाही.

शेवटचा फोटो आबाजींचा. मधात आबाजी, दोन बाजूंना सायली आणि जावई. बंडूभाऊंनी बटण दाबलं आणि तोंडातून नुसती हवा गेली. "फस्स."

आबाजींची मान ताठच.

पुन्हा दाबलं. "ख्...फ्स."

आबाजींनी हात वर केला, "बंडू, इकडं ये."

बंडूभाऊ गेले, मान खाली घालून. आबाजींनी कोटाच्या खिशात बोटं फिरवली, खडीसाखरेचा एक खडा काढला आणि चाचपून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घे, चघळ. तुया कॅमेऱ्याचा घसा बसला. धाकट्या नातवाचं लग्न दिवाळी झाल्यावर हाये, तवालोक बरा करजो त्याले."