किती झाल्यावर थांबायचं

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली म्हणून लोक त्यांना कानामात्रा म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. औषधाची बाटली हातात घेतली की आधी लेबलावरच्या चुका दिसायच्या. बायको म्हणायची, "औषध घ्या आधी. ते लेबल मागाहून सुधारा."

शहरातल्या एका संशोधन संस्थेला नीतिसमितीवर सामान्य नागरिक हवा होता. नियमच तसा होता: सहा तज्ज्ञ आणि एक बाहेरचा, ज्याचा विज्ञानाशी संबंध नाही. संस्थेचे अहवाल त्यांच्याच छापखान्यात छापले जात, त्यामुळे कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. बायकोला हे ऐकून हसू आवरेना. म्हणाली, "काही कळत नाही म्हणून खुर्ची देतायत? घरी तर तुम्ही ते काम फुकट करता."

पहिली दोन वर्षं उंदरांचे पिंजरे नि भूल देण्याचे नियम यांतच गेली. मग तो प्रस्ताव आला. चौपन्न पानं. कानामात्रांनी तो तीनदा वाचला, पेन्सिल घेऊन. डुकराच्या भ्रूणात त्याचं स्वतःचं मूत्रपिंड तयार होऊ द्यायचं नाही आणि त्या रिकाम्या जागेसाठी माणसाच्या मूळपेशी सोडायच्या. जमलं, तर डुकराच्या पोटात माणसाला चालेल असं मूत्रपिंड वाढेल. सुरुवातीला भ्रूण डुकरिणीच्या गर्भाशयात फक्त चार आठवडे ठेवून बाहेर काढायचे आणि तपासायचे. पुढे मुदत वाढवत न्यायची.

यात त्यांना वाईट काही दिसलं नाही. अडखळले ते एका वाक्यापाशी. "काही मानवी पेशी मेंदूकडे जाण्याची शक्यता असून त्यावर लक्ष ठेवण्यात येईल." व्याकरण ठीक होतं, पण वाक्य त्यांना अर्धवट वाटलं. लक्ष ठेवणार, आणि मग काय करणार? समासात त्यांनी लिहिलं: किती झाल्यावर थांबायचं?

बैठकीत हाच प्रश्न विचारला. प्रयोगाच्या प्रमुख बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, शक्यता फारच कमी आहे.

"कमी म्हणजे किती, ते नाही विचारत मी," कानामात्रा म्हणाले. "किती म्हणजे जास्त, ते विचारतोय."

एका तज्ज्ञानं विचारलं, तुम्हाला काय वाटतं, डुक्कर उठून भाषण करेल? सगळे हसले. कानामात्राही हसले, आणि बसमधून घरी येईपर्यंत त्या हसण्याचा स्वतःवरच राग काढत राहिले. खरं तर त्यांना म्हणायचं होतं की बोलणं राहू दे, पण आपण कोंडलेलो आहोत हे त्या जनावराला आजच्यापेक्षा जास्त कळायला लागलं तर? ते आपल्याला कसं समजणार? ऐन वेळी हे शब्द तोंडात आलेच नाहीत. हातात अजून माहितीच नाही तर मर्यादा कशी ठरवणार, असं कुणीतरी म्हणालं, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

आठवड्यानं इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं: "सर्व सदस्यांच्या शंकांचे समाधानकारक निरसन करण्यात आले."

कानामात्रांनी पत्र लिहिलं, की माझ्या शंकेचं निरसन झालेलं नाही, कृपया दुरुस्ती करावी. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसरं स्वतः घेऊन गेले. समितीच्या सचिवांनी ते समजुतीनं घेतलं, त्यावर शिक्का मारला आणि सांगितलं की ते वाक्य प्रत्येक इतिवृत्तात असतंच, साच्यातच आहे ते, मनावर घेऊ नका. "खोटं साच्यात असलं म्हणजे खरं होतं का?" असं कानामात्रांनी विचारलं. सचिवांनी त्यांना पाणी विचारलं.

दरम्यान ही गोष्ट बाहेर गेली. प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग बंद करा म्हणणारी मंडळी घरी आली आणि सभेत बोलायला या म्हणाली. माझा प्रयोगाला विरोध नाही, असं कानामात्रांनी सांगितल्यावर त्यांचे चेहरे पडले. अर्धा चहा तसाच ठेवून ती उठून गेली.

त्यानंतर धाकटी बहीण आली. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास तो यंत्राला जोडलेला. ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

"दादा, तू म्हणे डुकराची बाजू घेतोस."

बाजूचा प्रश्न नाही, असं त्यांनी समजावून पाहिलं. प्रयोग करू द्या, फक्त कुठे थांबायचं ते आधी लिहा, एवढंच आपलं म्हणणं आहे.

"तुला नियम हवाय," ती म्हणाली. "मला हे हवे आहेत."

 बायकोनं तिला आत नेऊन बसवलं. दोन दिवसांनी ते मेहुण्यांना भेटायला गेले आणि तुम्हाला काय वाटतं, असं धीर करून त्यांनाच विचारलं. मेहुण्यांना दिवसाला मोजून दोन पेले पाणी मिळायचं. ते शांतपणे म्हणाले, "माझं मत घेऊ नका. तहान लागली की मी कशालाही हो म्हणतो."

पाच महिन्यांनी तातडीची बैठक लागली. आठ भ्रूण तपासले होते. तिघांच्या मेंदूत माणसाच्या पेशी सापडल्या होत्या. सगळ्यात जास्त होत्या त्यात त्यांचं प्रमाण पाऊण टक्का होतं. प्रमुख बाईंनी काही लपवलं नाही. सांगताना त्या कानामात्रांकडेच पाहत होत्या.

आता पुढे काय, यावर चर्चा झाली. मंजूर कागदात काहीच लिहिलेलं नव्हतं. एका तज्ज्ञानं सुचवलं की एक टक्का ही मर्यादा ठेवू. सगळ्यांना पटलं.

"एकच का?" कानामात्रांनी विचारलं.

आकडा सरळ आहे, लक्षात राहतो, असं उत्तर मिळालं.

"आणि सव्वा सापडला असता तर?"

 प्रमुख बाई म्हणाल्या, "तर कदाचित दोन म्हटलं असतं." त्यांचा चेहरा उतरला होता. मग जरा चिडूनच म्हणाल्या, "बरं, तुम्ही सांगा आकडा. सांगा ना."

कानामात्रांकडे आकडा नव्हता. पाच महिने त्यांनी पत्रं लिहिली, नातं ताणलं, झोप घालवली, आणि विचारल्यावर सांगायला काही नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही नाही. म्हणून तर आधी बसून ठरवायला हवं होतं. आता आपण बाण आधी मारून तो लागला तिथे वर्तुळ काढतोय."

मतदान झालं. सहा विरुद्ध एक. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली. आता भ्रूण सहा आठवडे ठेवायचे.

या वेळी मात्र कानामात्रा इतिवृत्त तयार होईपर्यंत कार्यालयातच बसून राहिले. छापून आलेल्या कागदावर होतं: "एक सदस्य असहमत." कारण दिलेलं नव्हतं. सचिव म्हणाले, कारणाला रकाना नाही. कानामात्रांनी वाद घातला नाही. सहीच्या पानावर आपलं नाव शोधलं, सही केली आणि तिच्याखाली हातानं लिहायला लागले. मोजमाप हाती आल्यावर मर्यादा ठरवली गेली, इथून सुरुवात करून पान संपेपर्यंत लिहिलं. अध्यक्षांना सहीला जागा उरली नाही. सचिव कपाळाला हात लावून नवा कागद जोडायला उठले.

घरी न जाता कानामात्रा थेट बहिणीकडे गेले. मेहुण्यांचा यंत्राचा दिवस होता आणि त्यांना रुग्णालयातून आणायला कुणीतरी जायला हवं होतं. बहिणीनं दार उघडलं. बैठकीचं काय झालं, ते तिनं विचारलं नाही. मंजुरी मिळाली, असं त्यांनी आपणहून सांगितलं. 

"तू कुठल्या बाजूनं मत दिलंस?"

"विरोधात."

तिनं मेहुण्यांच्या औषधांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.