आतोबांच्या साखरेचा भाव

सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं म्हणजे त्या वस्तूचा, विकणाऱ्याचा आणि स्वतःच्या आईबापांचा अपमान करणं, असं मनापासून मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमचे आतोबा जन्मभर कोपरगावच्या बाजूला बैलांची दलाली करत आले. शेतात ट्रॅक्टर फिरायला लागल्यापासून धंदा बसला, पण घासाघीस बसली नाही. ती एसटीच्या कंडक्टरशी चालते, औषधाच्या दुकानात छापील किमतीवर बोट ठेवून चालते आणि देवळातही चालते. लेकीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणून त्यांनी देवीला पाच नारळ बोलले होते; बाळंतपण लांबलं, तर तीनच दिले. आत्या हादरली. आतोबा म्हणाले, "माल टायमात पोचला न्हाई. देवी व्यवहारी हाय, तिला कळतं."

माझ्या लग्नाची बोलणी त्यांच्याच पुढाकारानं झाली. सासरेबुवांनी विचारलं, मुलाचा स्वभाव कसा आहे? माझ्या वडिलांनी घसा साफ करायच्या आत आतोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मारका न्हाई. खायला कुरकुर न्हाई. जिथं बांधाल तिथं उभा ऱ्हातो." आज इतकी वर्षं झाली, पण पाहुण्यांना माझी ओळख करून देताना बायको हे वर्णन वापरते, आणि त्यात बदल करावा असं मला काही करून दाखवता आलेलं नाही.

तर अशा या माणसाला साखरेचा आजार झाला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "सगळ्या तालुक्यात साखर हाय, मला झाली तर काय बिघडलं?" म्हणत ते बाजाराच्या दिवशी जिलबी खात राहिले. बिघडलं ते बोटांवर आलं तेव्हा. बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून किंमत सांगतात. वर चेहरे मात्र असे, की दोघं हवापाण्याचं बोलतायत. आतोबांची बोटं या भाषेत पंडित. ती हळूहळू बधिर व्हायला लागली. एका सौद्यात समोरच्यानं तीन बोटं दाबली, यांना दोनच कळली, आणि भरल्या बाजारात हसं झालं. "दलालाची बोटं मुकी झाली," असं कोणीतरी म्हणालं. त्या दिवशी आतोबा जिलबी न घेता घरी आले, तेव्हा आत्यानं घाबरून मला नगरला फोन केला.

गावात एका संस्थेचा लहानसा दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, की गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. पण साखर उतरवली तर उरलेली टिकेल, आणि नशीब असेल तर थोडी परतही येईल. आणि त्याच दवाखान्यात एक योजना होती. हातावर पोट असलेल्या पेशंटनं दर महिन्याला दवाखान्यात हजेरी लावायची, गोळ्या घ्यायच्या, चालायचं, की काही रक्कम खात्यावर जमा. तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत साखर उतरलेली दिसली तर जास्त रक्कम.

आतोबांना यात फक्त एकच गोष्ट कळली. कोणीतरी त्यांची साखर विकत घ्यायला आलं होतं.

"माल माझा, गिऱ्हाईक तुमी," ते बाईंना म्हणाले. "भाव मी सांगनार."

"आजोबा, रक्कम ठरलेली आहे. सगळ्यांना सारखीच."

"आसं कुटं आसतंय? शेजारचा म्हादबा तीन हाडांचा हाय. त्याची साखर आन् माझी साखर एका भावात?" असं म्हणून त्यांनी बाईंचा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. बाईंना वाटलं, यांना नाडी दाखवायची आहे. त्या बिचाऱ्या घड्याळ बघत नाडी मोजत राहिल्या आणि आतोबा त्यांची बोटं दाबत राहिले. शेवटी "ठीक आहे" असं त्या म्हणाल्या, ते नाडीला. आतोबा सौदा वाढवून मिळाला या आनंदात घरी आले.

आता ही तीन महिन्यांची तयारी त्यांनी कशी केली? तर दलालानं करावी तशी. बैल वर्षभर कसाही असो, बाजाराच्या आदल्या दिवशी त्याला धुवायचं, शिंगं तासून रंगवायची, तेल चोपडायचं, की गिऱ्हाईक खूश. त्या न्यायानं आतोबा अडीच-पावणेतीन महिने गूळ, रस, पेढे यथास्थित खात राहिले आणि शेवटचे दोन दिवस कडकडीत उपास, वर कारल्याचं पाणी. तपासणीच्या सकाळी दाढी घोटून, पांढरंशुभ्र धोतर नेसून हजर. मी सोबत होतो. माझा वेष असा की तपासणी माझीच करावी.

बाईंनी रिपोर्ट बघितला आणि चष्म्यावरून आतोबांकडे बघितलं. "आजोबा, साखर वाढलीय."

"व्हईलच कशी? दोन दिस पोटात अन्नाचा कन न्हाई!"

"या तपासणीत कालपरवाचं नाही दिसत. मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं."

आतोबांनी रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी दातागत."

बाईंना कळेना. मी समजावून सांगितलं, की बैलाला कितीही सजवा, जाणता माणूस जबडा उघडून दात बघतो आणि खरं वय सांगतो. दातांना तेल लावून चालत नाही.

"आता कळलं," आतोबा म्हणाले. "बाई दात बघनाऱ्या हायेत. आदी सांगायचं ना!" जन्मात पहिल्यांदाच त्यांना कुणी फसवता न येणारं गिऱ्हाईक भेटलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना मनापासून आदर वाटला.

त्या दिवसापासून घरात रोज सकाळी चहाच्या साखरेवर बोलणी सुरू झाली. आत्या बिनसाखरेवर अडलेली, आतोबा दोन चमच्यांवर. रोज थोडं थोडं खाली येत ते चिमटीवर आले. "संसारात पयल्यांदा यांचा भाव उतरला," आत्यानं मला फोनवर सांगितलं. चालण्याचा प्रश्न वेगळाच होता. हातात कासरा नसताना चालायची सवयच नाही, म्हणून हे मोकळा कासरा हातात घेऊन कॅनॉलच्या कडेनं निघत. लोक विचारत, "दादा, बैल कुटंय?"

"मीच."

पुढच्या तपासणीत साखर उतरली. खात्यावर पैसे आले. त्यांतून त्यांनी आत्याला चालायचे बूट आणले. पिवळेजर्द, अर्थातच घासाघीस करून. आत्या लाजून म्हणाली, "या वयात मला कशाला?" तर म्हणे, "एकटा बैल रेंगाळतो. जोडी लागती." त्यानंतर कॅनॉलवर कासरा दिसला नाही.

वर्षभरानं योजना संपली. पैसे बंद होणार असं कळल्यावर मला धास्ती वाटली. मी स्वतः पैसे भरून लावलेली जिम आठवड्यात सोडलेला माणूस. पैसे न मिळता कोणी चालेल यावर माझा विश्वास कसा बसावा? मी चाचरत विषय काढला.

"खुळा का काय तू, बाळ्या?" आतोबा म्हणाले. "गिऱ्हाईक गेलं म्हनून बैलाची वैरन कोन बंद करतं?"

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. बाजार आता निम्मा शेळ्यांचा झाला आहे. एका जुन्या व्यापाऱ्यानं यांना हाक मारली, हात पुढे केला. आतोबा जरा थबकले. मग हात दिला, वर टॉवेल पडला. दोघांचे चेहरे दगडी. थोड्या वेळानं टॉवेल निघाला, आतोबांनी मान हलवली आणि चालू लागले.

"काय झालं?"

"मोडला सौदा. लई कमी बोलला." दहा पावलांवर ते थांबले. "पन कमी बोलला, ह्ये कळलं रे." अंगठ्याजवळची दोन बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. "ही बोलत्यात आता. करंगळीकडची न्हाईत. ती न्हाई बोलायची."

दावणीला बैल मोजकेच होते. घ्यायचा एकही नव्हता, तरी आतोबा प्रत्येकापाशी थांबत होते आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत होते; सावकाश, बोटं पसरून.